सात जणांची एकच चूक

"ज्यांची नावं घेतो त्यांनी उभं राहायचं," ऐनापुरे सर म्हणाले आणि तपासलेल्या पेपरांच्या गठ्ठ्यातून त्यांनी काही पेपर वेगळे काढले. "गुरव. मुल्ला. चौगुले. दोघे माने. वाघमोडे."

मुलांच्या बाजूला एकेक जण उठत गेला. मग सरांनी चष्म्याच्या वरून मुलींच्या रांगेकडे पाहिलं. "आणि मगदूम."

मगदूम म्हणजे मी. त्रिशला मगदूम, सहावी ब. मी उठले ती खुशीतच. गणितात वर्गातल्या मुलींमध्ये माझा हात धरणारं कोणी नव्हतं आणि ही गोष्ट मला जरा जास्तच माहीत होती. सर आता शाबासकी देणार, अशा थाटात मी वेणी पाठीवर टाकून उभी राहिले.

सरांनी फळ्यावर लिहिलं, ३.४ + २.५ = ६.३.

"हे उत्तर या सातही जणांनी लिहिलंय," ते म्हणाले. "खरं उत्तर आहे पाच पॉइंट नऊ. आता मला सांगा, बरोबर उत्तर सगळ्या वर्गाचं एकच येतं, त्यात नवल नाही. पण चुकायला वाटा हजार असतात. हे सात जण एकाच वाटेनं कसे गेले? आणि एका गणितात नाही, पाच गणितांत."

मी मनातल्या मनात ती बेरीज पुन्हा केली. पुन्हा सहा पॉइंट तीनच आले. सरांचंच काहीतरी चुकलंय, असं मला वाटलं, पण ऐनापुरे सरांना तसं सांगायची छाती अख्ख्या शाळेत कोणाची नव्हती.

"कॉपी," सर म्हणाले. "माझ्या वर्गात, माझ्या डोळ्यांदेखत."

सर कधी हात उगारायचे नाहीत. त्यांची जीभच पुरेशी होती. दशांश अपूर्णांकांची घटक चाचणी त्यांनी स्वतः हातानं काढली होती, वर्गात फेऱ्या मारत घेतली होती, आणि तरी आम्ही त्यांना फसवलं असं त्यांना वाटत होतं. त्यांचा चेहरा लाल झाला होता. खरं तर ते दुखावले होते, पण अकराव्या वर्षी मास्तर दुखावतात हे कोणाला कळतं.

"मूळ कोण?" त्यांनी विचारलं. "पहिल्यांदा लिहिलं कोणी?"

सलीम मुल्ला घाबरून म्हणाला, "सर, मी बंड्याचं बघितलं."

"आणि गुरव, तू?"

बंडू गुरवनं एकदा सलीमकडे पाहिलं. मित्र अडकलाय तर आपण सुटायचं कसं, असा त्याचा स्वभाव. "मी सल्याचं बघितलं, सर."

"म्हणजे यानं तुझं बघितलं आणि तू याचं," सर म्हणाले. "मग लिहिलं कोणी, बाकानं?"

वर्ग हसला. सर हसले नाहीत. त्यांनी आमची वरात थेट हेडसरांच्या खोलीत नेली.

खाडे हेडसर तसे मवाळ माणूस, पण कॉपी म्हटलं की त्यांचाही नाइलाज व्हायचा. शाळेचा नियमच होता, कॉपी सापडली की पालकांना बोलवायचं. मुलांचे बाप गावातलेच होते. ते संध्याकाळी येऊन एकेक धपाटा घालून गेले आणि विषय मिटला. माझं मात्र तसं मिटणार नव्हतं.

आमचं गाव नऊ कोस आत, पानमळ्यांचं. तिथं शाळा चौथीपर्यंत. चौथी झाली की मुलगी मळ्यात, पानं खुडायला. माझ्या थोरल्या आक्काचं तेच झालं होतं. मला मामा हट्टानं आपल्याकडे घेऊन आला. आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, पाठवताना दोन गोष्टी बजावल्या होत्या. शाळेतून तक्रार येता कामा नये. आणि पोरांच्यात हुंदडायचं नाही. यातलं काही एक झालं की पोरगी घरी.

दुसरी अट मी पहिल्याच महिन्यात मोडली होती. मामाची पिठाची गिरणी शाळेला लागून होती. गिरणीमागच्या मोकळ्या जागेत संध्याकाळी बंडूची टोळी खेळायची आणि मी गिरणीच्या कट्ट्यावर बसून असायची. मामाला हे ठाऊक होतं. त्याचं म्हणणं, कट्ट्यावर बसणं म्हणजे हुंदडणं नव्हे. आता पहिली अटही मोडली.

हेडसरांनी मामाला गिरणीतून बोलावून घेतलं. तो आला तसाच, भुवयांवर पीठ घेऊन. ऐकून घेतलं आणि म्हणाला, "आमची पोरगी तसली न्हाई, साहेब."

"तसली नाही हे तिच्या वडिलांसमोर ठरू दे," हेडसर म्हणाले. "त्यांना निरोप धाडा."

मामानं पानं न्यायला येणाऱ्या टेम्पोवाल्याकडे निरोप दिला. शनिवारी बाजाराला येताय ते शाळेत येऊन जावा, त्रिशलाची तक्रार हाय. त्या रात्री मी जेवले नाही. मामीनं भाकरी पुढं सरकवली, तर मी म्हणाले, "मामी, मी खरंच न्हाई बघितलं."

"मग उत्तर सारखं कसं आलं गं?"

"मला काय ठाव. आलं."

मामीनं माझ्याकडे नीट पाहिलं. तिचा माझ्यावर विश्वास बसला की नाही, कोण जाणे. पण भाकरी तिनं झाकून ठेवली.

दुसऱ्या दिवशी पहिल्याच तासाला ऐनापुरे सरांनी आम्हा सातांना वर्गातून बाहेर काढलं. मला वाटतं, सलीम आणि बंडूचं एकमेकांचं बघणं त्यांना रात्रभर खुपत असणार. त्यांनी एकाला प्रयोगशाळेत बसवलं, एकाला स्टेजवर, एकाला पाण्याच्या टाकीपाशी, बाकीच्यांना व्हरांड्याच्या वेगवेगळ्या टोकांना, आणि मला थेट हेडसरांच्या टेबलासमोर. प्रत्येकाला त्यांनी नवी गणितं दिली, तिथल्या तिथं कागदावर लिहून. हेडसर वर्तमानपत्र वाचत होते. मी गणितं सोडवली, सोपी होती. सरांनी सगळ्यांचे कागद गोळा करून आणले आणि माझ्यासमोरच खुर्चीत बसून तपासायला घेतले.

पहिला तपासला. दुसरा तपासला. तिसऱ्याला त्यांचा लाल पेन हवेतच थांबला. बाकीचे कागद त्यांनी भराभर चाळले.

"काय झालं?" हेडसरांनी विचारलं.

"पुन्हा तेच. पाच पॉइंट चार अधिक तीन पॉइंट चार. सगळ्यांचं नऊ पॉइंट दोन. ही वजाबाकी, सात पॉइंट दोनमधून तीन पॉइंट पाच. सगळ्यांचं तीन पॉइंट तीन."

"बघा. म्हणजे सवयच लागलीय पोरांना."

"साहेब, ही तुमच्यासमोर बसली होती. हिला बघायला कोण होतं?"

हेडसर विचारात पडले. "इथं तर मीच होतो."

"तेच म्हणतो."

"अहो, पण मी कुठं काय लिहीत होतो?"

सरांनी खुर्ची माझ्याकडे वळवली. त्यांचा आवाज एकदम निराळा झाला होता. कालचा नव्हता तो.

"मगदूम, कालचं फळ्यावरचं गणित मोठ्यानं बोलत कर. मनात काय काय येतं ते सगळं बोल. काही गाळू नकोस."

मी कागद घेतला. "तीन पॉइंट चार अधिक दोन पॉइंट पाच. चार आणि पाच नऊ. नवातनं सहा गेले, तीन राहिले. तीन लिहिले. हातचा एक. तीन आणि दोन पाच आणि हातचा एक सहा. सहा पॉइंट तीन."

"थांब. नवातनं सहा का काढलेस?"

मला प्रश्नच कळला नाही. "सहा झाले की संपते ना, सर."

"काय संपते?"

"ओव्हर."

हेडसरांनी वर्तमानपत्र खाली ठेवलं. बाहेर पाचवीचा वर्ग एका सुरात कविता म्हणत होता, ती तेवढी ऐकू येत होती.

"कसली ओव्हर?" सरांनी अगदी हळू विचारलं.

आता आली का पंचाईत. पण सर असे बघत होते की मला खोटं सुचेना. सांगून टाकलं. बंडूची टोळी, त्यात आमच्या वर्गातले हेच सहा जण, संध्याकाळी क्रिकेट खेळायची. शाळा सुटल्यावर वेळ तो किती मिळायचा, लगेच अंधार पडायचा. म्हणून डाव अर्ध्यात थांबवायचा आणि दुसऱ्या दिवशी तिथूनच पुढं न्यायचा, अशी त्यांची रीत होती. एकेक मॅच आठवडाभर चालायची. काल तीन ओव्हर आणि चार बॉल झाले, म्हणजे तीन पॉइंट चार. आज दोन पॉइंट पाच झाले. एकूण किती, यावरून रोज भांडणं. शेवटी बंडूनं मला कट्ट्यावर बसवलं. मी कोळशानं गिरणीच्या भिंतीवर मांडायची आणि बेरीज सगळ्यांसमोर मोठ्यानं म्हणायची, म्हणजे नंतर कोणी कुरकुर करू नये. सहा बॉल झाले की हातचा एक. सगळी टोळी माझ्याबरोबर म्हणायची.

हेडसरांना आधी ठसका लागला आणि मग ते हसायला लागले. हसता हसता त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

ऐनापुरे सर हसले नाहीत. "बरं," ते म्हणाले. "आणि चार पॉइंट आठ अधिक एक पॉइंट सात? हे मी चाचणीत घातलं होतं. ओव्हरमध्ये आठ बॉल असतात?"

"वाइड आणि नो बॉल धरून असतील, असं वाटलं मला," मी म्हणाले. "आठ आणि सात पंधरा. पंधरात सहा दोनदा. तीन उरले, हातचे दोन. सात पॉइंट तीन."

आता मात्र सरही हसले. त्यांना हसताना मी पहिल्यांदाच पाहिलं. पुढचे दोन दात थोडे पुढं होते त्यांचे.

पण हसू लगेच ओसरलं. "वर्गात मी तीन आठवडे हेच शिकवत होतो," ते म्हणाले. "दहाचा हातचा, दहाचा हातचा. तू ऐकत नव्हतीस?"

"ऐकत होते, सर. पण मला पॉइंट येतच होता. आणि तुमची उत्तरं माझ्याशी जुळत होती."

"कुठली उत्तरं?"

"फळ्यावरची. दोन पॉइंट तीन अधिक चार पॉइंट दोन. पाच पॉइंट एक अधिक तीन पॉइंट चार."

सरांनी टेबलावरचा कागद ओढला आणि ती गणितं लिहिली. पहिल्याचं उत्तर सहा पॉइंट पाच. दुसऱ्याचं आठ पॉइंट पाच. बराच वेळ ते त्या दोन उत्तरांकडे बघत राहिले.

"तुझ्या रीतीनंही हेच," ते म्हणाले, "आणि माझ्याही." मग हेडसरांकडे वळून, जणू मी तिथं नाहीच अशा आवाजात बोलले, "साहेब, मुलांनी हातच्याला घाबरू नये म्हणून मी फळ्यावर बिनहातच्याचीच गणितं घेतली, हातचा नुसता तोंडी सांगितला. समजलं का म्हणून विचारलं, सगळे हो म्हणाले. आणि खोटं नाही बोलले. यांना समजलंच होतं. फक्त मी शिकवत होतो ते नाही."

"जाऊ द्या हो," हेडसर म्हणाले. "कॉपी नाही ना, मिटलं."

"मिटलं कसं? चूक तशीच आहे."

मी आता स्वतः मुलांचे पेपर तपासते, म्हणून सांगते. लाल फुली मारून पुढं जाणं फार सोपं असतं. गठ्ठा मोठा असतो, पुढं दुसरा वर्ग असतो. त्या दिवशी सर पुढं गेले नाहीत. त्यांनी मधल्या सुट्टीत आम्हा सातांना बोलावलं, दप्तरातल्या पट्ट्या काढायला लावल्या आणि तीन पॉइंट चार सेंटिमीटरची रेघ मारायला सांगितली. तिच्याच पुढं दोन पॉइंट पाचची. मग दोन्ही मिळून मोजायला लावली.

"पाच पॉइंट नऊ," वाघमोडे म्हणाला, आणि पट्टी उलटी धरलीय का ते बघायला लागला.

"सहाव्या बारक्या रेघेला काय होतं?" सरांनी विचारलं.

आम्ही सगळ्यांनी नाकं पट्टीला लावली. सहाव्या रेघेला काहीच होत नव्हतं. सेंटिमीटर दहाव्या रेघेला पुरा होत होता. मी तीन-तीनदा मोजलं. इतके दिवस ती पट्टी माझ्या दप्तरात होती.

"इथं ओव्हर दहा बॉलची आहे, सर," बंडू म्हणाला.

"तसं समज. गणितात कायम दहाचीच. तुमच्या मैदानावर सहाची."

बाकीचे पाणी प्यायला पळाले. मला सरांनी थांबवलं. "मगदूम, आता एक काम. पुढच्या चाचणीसाठी तू एक गणित काढ. असं, की सहानं मोजणारा लगेच सापडला पाहिजे."

मी झोकात लिहिलं, २.१ + १.३.

"यात सापडेल?"

मी सहानं केलं. तीन पॉइंट चार. दहानं केलं. तीन पॉइंट चार. "न्हाई सापडत," मी म्हणाले आणि खोडलं. ओठ चावत बसले. सरांनी घाई केली नाही. पोरं पाणी पिऊन परत आली तरी मी बसलेलीच. मग लिहिलं, २.४ + १.२.

"का?"

"पॉइंटच्या पुढची बेरीज सहा किंवा सहाच्या वर पाहिजे, सर. तरच दोघं वेगळे होतात. सहावाल्याचं पुरे चार येईल. दहावाल्याचं तीन पॉइंट सहा."

सरांनी तो कागद घडी करून खिशात ठेवला. "आता तुला आलं," ते म्हणाले. "उत्तर बरोबर येणं निराळं. चूक कुठं उघडी पडते हे कळणं निराळं."

मला इतका आनंद झाला की शनिवार विसरायलाच झाला. आठवला तो संध्याकाळी. कॉपीचा डाग पुसला होता, पण पुसला कशानं? क्रिकेटनं. आप्पांपुढं एका तक्रारीतून सुटायचं तर दुसरी अट मोडल्याचं सांगावं लागणार होतं.

मामा म्हणाला, "दुसरा निरोप धाडू का टेम्पोवाल्याकडं?"

"काय म्हणून धाडताय?" मामी म्हणाली. "पोरगी कॉपी करत न्हाई, रोज पोरांच्यात क्रिकेटला बसती म्हणून?"

मामानं निरोपाचा नाद सोडला.

शुक्रवारी मी धीर करून सरांना गाठलं आणि आप्पांच्या अटी सांगितल्या. "सर, क्रिकेटचं नाव तेवढं घेऊ नका. न्हाईतर ते न्हेणार मला."

सरांनी खडूचा तुकडा बोटांत फिरवला. "मी खोटं बोलणार नाही," ते म्हणाले. "पण आपणहून सांगणारही नाही. तुझं तू ठरव."

शनिवारी सकाळची शाळा. आप्पा बाजारात पानांच्या पाट्या टाकून सरळ वर्गाच्या दारातच येऊन उभे राहिले. धोतर, टोपी, बोटं पानांच्या रसानं काळपटलेली. माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही.

"सर, पोरीचा दाखला द्या," ते म्हणाले. "नाव काढून न्हेतो तिला."

सरांनी नमस्कार केला. "दाखला हेडसर देतात. द्यायचाच असेल तर देतील. पण आलाच आहात तर दहा मिनिटं आत बसा. आज चाचणी आहे, आणि त्यातलं एक गणित तुमच्या मुलीनं काढलंय."

आप्पा मागच्या बाकावर अवघडून बसले, गुडघे वर आले त्यांचे. सरांनी फळ्यावर २.४ + १.२ लिहिलं. सगळ्यांनी वहीत सोडवलं. मग सरांनी खडू माझ्यापुढं धरला.

"मगदूम, हे गणित असंच का काढलंस, वर्गाला सांग."

मी फळ्याकडे गेले. पाठ वर्गाकडे होती तोवर ठीक होतं. दहानं कसं करायचं ते सांगितलं. एवढ्यावर थांबता आलं असतं. पण मग गणित असंच का, ते कळलंच नसतं कोणाला. आणि मला ते सांगायचंच होतं. भीती होती, पण त्याहून जास्त ती हौस होती. मी वळले.

"मी संध्याकाळी गिरणीच्या कट्ट्यावर बसते," मी आप्पांकडे बघून म्हणाले. "पोरं क्रिकेट खेळतात, मी त्यांच्या ओव्हर मोजते. तिथं सहा बॉल झाले की हातचा घ्यायचा. त्यामुळं आम्ही सात जण पेपरातही सहाचाच हातचा घेत गेलो. आम्ही कोणाचं बघितलं नव्हतं. आम्ही सगळे एकसारखेच चुकलो."

वर्गात खसखस पिकली. आप्पा हलले नाहीत. मी दोन्ही रीतींनी गणित मांडलं, एकाखाली एक. पॉइंट दोन्हीकडे सारखाच दिसतो, पण इथल्या पॉइंटच्या पुढं दहा घरं आणि तिथल्या पॉइंटच्या पुढं सहाच, असं सांगितलं. शिंत्रे नावाची एक मुलगी होती, तिनं विचारलं, "मग पॉइंट बघून कळायचं कसं, किती घरं हाईत ते?" मी म्हणाले, "कळत न्हाई. विचारावं लागतं, कशाचं मोजतोय म्हणून." सर खिडकीशी उभे होते. त्यांनी मान डोलावली.

घंटा झाली. आप्पा उठले. सर त्यांच्याजवळ गेले. "कॉपीची तक्रार आम्ही मागं घेतली," ते म्हणाले. "मला आधी ते कळायला हवं होतं. तिला त्या चाचणीत मार्क मात्र कमीच आहेत, ते मी वाढवणार नाही. बाकी तुमची मुलगी, तुम्ही ठरवा."

"बरं," आप्पा म्हणाले. दाखल्याचं ते काही बोलले नाहीत. मला म्हणाले, "चल स्टँडवर."

मामा गिरणीच्या दारात उभा होता. आप्पांनी त्याला लांबूनच हात केला आणि थांबले नाहीत. घरून माझे कपडे घ्यायचे का, हेही त्यांनी विचारलं नाही. कपडे मागनं मामा घेऊन येईल, असं मी धरून चालले. दप्तर पाठीवर, आणि डोळ्यांत पाणी आणायचं नाही असं ठरवलेलं. बाजार संपत आला होता. आप्पा पुढं, मी मागं.

"पोरं भांडत न्हाईत?" आप्पांनी मधेच विचारलं, मागं न बघता.

"भांडत्यात की. रोज."

"मग?"

"मी बेरीज सांगते. मग गप बसत्यात."

"तुजं ऐकत्यात?"

"ऐकायच लागतंय. दुसऱ्या कुणाला येत न्हाई धड."

स्टँडवर आमच्या गावची गाडी अजून लागली नव्हती. आम्ही लिंबाखाली उभे राहिलो. त्यांनी टोपी काढून कपाळ पुसलं.

"त्या खेळात पॉइंटाच्या फुडं सात-आठ कधी येतच न्हाई म्हण की."

"न्हाई. पाचाच्या फुडं जातच न्हाई. सहा झाले की ओव्हर."

"मग तितं पॉइंट द्यायचाच कशाला?" आप्पा म्हणाले. त्यांना खरंच पटत नव्हतं. "दुसरी काय तरी खूण करायची. आडवी रेघ मारायची. हितं एक आन् तितं एक, पोरं फसत्यात न्हवं."

मी त्यांच्याकडे बघतच राहिले. दहा मिनिटं मागच्या बाकावर बसून आप्पांनी सगळं बरोबर पकडलं होतं, आमची चूकसुद्धा. मला हसू आलं आणि जे इतका वेळ थोपवून धरलं होतं ते रडूही आलं. मी तोंड फिरवून ओढणीनं डोळे पुसले. त्यांनी ते पाहिलं असावं, पण विचारलं नाही.

गाडी आली. माणसं दाराशी लोटली. आप्पांनी एक पाय पायरीवर ठेवला. मी त्यांच्या मागं, दप्तराचा पट्टा घट्ट धरून. कंडक्टर दारातच उभा होता. त्यानं आम्हा दोघांकडे बघितलं आणि तिकिटांची पेटी उघडली.

"एक फुल, एक हाफ?"

"एकच," आप्पा म्हणाले. "पोरगी हितं शाळंत हाय."